ससूनमधली शस्त्रक्रिया आणि जंतांवरचा आरोप

१२ जानेवारी १९२४चा शनिवार. येरवड्याच्या तुरुंगातून एक कैदी पुण्याच्या ससून रुग्णालयात आणला गेला. वय ५४, शिक्षा सहा वर्षांची, त्यातले २२ महिने भोगून झालेले. नवं वर्ष लागल्यापासून त्याचं पोट दुखत होतं, अंगात ताप होता. सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी तपासून निदान केलं, तीव्र अपेंडिसायटिस. सकाळपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता.

कैदी दुसरा कुणी असता तर ही गोष्ट रुग्णालयाच्या वहीत एका ओळीत संपली असती. पण हे मोहनदास करमचंद गांधी होते. ज्या सरकारने त्यांना राजद्रोहासाठी तुरुंगात घातलं, त्याच सरकारच्या नोकरीतला इंग्रज डॉक्टर त्यांच्या पोटावर सुरी चालवणार होता. मुंबईहून डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलवावं, अशी गांधीजींची इच्छा होती. तेवढा वेळ हातात नव्हता. काही बरंवाईट झालं असतं तर सकाळी देशात काय उसळलं असतं, हे मॅडॉकना कळत होतं आणि खाटेवरच्या रुग्णालाही. म्हणून पुण्यातल्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना रात्री बोलावणं गेलं, डॉ. फाटकांनाही गेलं. शास्त्री राजकारणात गांधीजींच्या विरुद्ध बाजूचे, नेमस्त. तरी त्या रात्री मित्र म्हणून गांधीजींना तेच जवळ हवे होते.

एक निवेदन तयार झालं. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, सगळ्यांनी आपल्याला ममतेने वागवलं, अशा आशयाचं. शास्त्रींनी मसुदा वाचून दाखवला. गांधीजींनी चष्मा लावून तो स्वतः वाचला, एकदोन शब्द बदलायला सांगितले आणि गुडघे वर घेऊन पेन्सिलीने सही केली. हात थरथरत होता. तो थरथरतोय हे त्यांनीच मॅडॉकना दाखवलं. अंगात भरपूर ताकद भरू, असा धीर डॉक्टरांनी दिला. लोकांसाठी काही संदेश आहे का, असं शास्त्रींनी विचारलं तेव्हा मात्र उत्तर ठाम आलं. आपण कैदी आहोत, बाहेरच्या जगाच्या दृष्टीने मेलेलो आहोत, कैद्याने संदेश द्यायचा नसतो. पोटात पू साठत असताना तुरुंगाचे नियम इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस मला दुसरा आठवत नाही.

शस्त्रक्रिया सुरू असताना वादळ झालं आणि वीज गेली. परिचारिकेने हातातल्या बॅटरीचा उजेड धरला, थोड्या वेळाने तीही विझली. शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. जखमेच्या जागी पुढे गळू झालं, म्हणून बरं व्हायला वेळ लागला. ५ फेब्रुवारीला सरकारने उरलेली शिक्षा माफ करून त्यांना सोडलं. आजारपण हे सुटकेचं कारण होऊ शकत नाही, असं म्हणत गांधीजी त्या सुटकेबद्दल नाराजच राहिले. ती खोली ससूनने स्मारक म्हणून जपून ठेवली आहे.

महाराष्ट्रातलं सर्वांत प्रसिद्ध अपेंडिक्सचं दुखणं हेच. पण माझं लक्ष वेधतं ते त्या काळातल्या वैद्यकातलं एक भांडण. अपेंडिक्स सुजतं कशाने, यावर तेव्हा युरोपातले मोठमोठे डॉक्टर एकमेकांवर तुटून पडले होते, आणि आरोपींच्या यादीत बरीच वर्षं वरच्या क्रमांकावर होते पोटातले जंत.

हा आरोप आपल्याकडे कुणाला नवा वाटणार नाही. पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या कुठल्याही चाळीत किंवा नव्या इमारतीत जा, लहान मुलाने बेंबीजवळ हात धरून कळवळायला सुरुवात केली की घरातली आजी पहिलं नाव जंतांचं घेते. गूळ जास्त खाल्ला, माती खाल्ली, नखं वाढलीत, झोपेत दात खातो. उपायही तिला पाठ असतात : वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा. यातलं काहीच उगाच आलेलं नाही. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. किरमाणी ओव्यातून निघणारं सँटोनिन हे विलायती डॉक्टरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जंतांवर देत होते. घोटाळा होतो तो या औषधांपाठोपाठ येणाऱ्या एरंडेलाने. पोट साफ झालं की जंत पडतात, म्हणून चमचाभर एरंडेल पाजायचं. साध्या जंतांवर ते चालून जातं. पण तोंड बंद झालेल्या, आतून फुगलेल्या अपेंडिक्सवर एरंडेलाने आतड्याची जोराची हालचाल घडवली की ते फुटण्याचा धोका वाढतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शल्यविशारद जीव तोडून हेच सांगत होते : पोटात दुखत असताना जुलाब देऊ नका. जंतांवरचा आरोप खरा की खोटा, हा प्रश्न त्यामुळे पुस्तकी राहत नाही. त्या उत्तरावर पुढचे काही तास काय करायचं ते ठरतं.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी करंगळीएवढी पोकळ नळी. तिचं एक टोक बंद, दुसरं आतड्यात उघडणारं. १७३५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात क्लॉडियस अमायंड यांनी ११ वर्षांच्या एका मुलाचं अपेंडिक्स काढलं. त्यात टाचणी अडकून भोक पडलं होतं. अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद ती. पण आजार म्हणून त्याची नीट ओळख व्हायला आणखी दीडशे वर्षं गेली. तोवर उजव्या बाजूच्या पोटदुखीला आंत्राच्या भोवतालचा दाह, वायगोळा अशी काहीबाही नावं मिळत आणि लोक मरत. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी अशा शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवून दिलं की यातल्या बहुतेकांचा खरा गुन्हेगार अपेंडिक्स आहे आणि त्यावरचा इलाज सुरी आहे. अपेंडिसायटिस हे नाव त्यांचंच. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी यांनी पोटावरची ती जागा सांगितली, जिथे बोट दाबलं की रुग्ण ओरडतो. आजही डॉक्टर तिथेच दाबून बघतात.

मग १९०२ साल उजाडलं. इंग्लंडचा सातवा एडवर्ड २६ जूनला राज्याभिषेकाला बसणार होता. दोन दिवस आधी, २४ जूनला, फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी राजवाड्यातच त्याच्या पोटातला पू काढला. राज्याभिषेक ऑगस्टपर्यंत पुढे गेला. या ट्रीव्हजची स्वतःची मुलगी दोनच वर्षांपूर्वी याच आजाराने गेली होती. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत राजाच्या पोटाच्या बातम्या आल्या आणि अपेंडिक्स हा शब्द घरोघरी पोचला. त्याबरोबर एक प्रश्नही पोचला : हे इतकं अचानक का वाढलं? खाण्यातला बदल, मुलामा दिलेल्या भांड्यांचे उडालेले टवके, इन्फ्लुएंझा, मैदा. प्रत्येकाकडे स्वतःचं कारण होतं.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकॉफ यांचं कारण जंत होतं.

मेचनिकॉफ साधे संशोधक नव्हते. रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात हे त्यांनी शोधलं होतं. १९०८ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. मुंबईशीही त्यांचं एक नातं होतं. १८९६च्या प्लेगमध्ये मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवणारे आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. गुरू पॅरिसमध्ये अपेंडिक्सचा विचार करत होता, तेव्हा शिष्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेगच्या बाटल्या भरत होती.

१९०१ मध्ये मेचनिकॉफ यांनी मांडलं ते थोडक्यात असं. आतड्यातले जंत अपेंडिक्सच्या आतल्या अस्तराला बारीक जखमा करतात आणि त्या जखमांतून जंतू आत शिरतात. जंताने दार फोडायचं आणि चोराने आत शिरायचं. म्हणून पोटदुखीच्या रुग्णाची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, त्यात जंतांची अंडी दिसली तर जंताचं औषध द्या, कच्च्या भाज्या उकळत्या पाण्यातून काढून खा. विचार तर्कशुद्ध होता आणि पुरावाही असल्यासारखा वाटत होता. कापून काढलेल्या अपेंडिक्समध्ये खरोखरच जंत सापडत होते.

कुठले जंत? तीन-चार ओळखीचे. गोल मोठा जंत, वीतभर किंवा त्याहून लांब, गांडुळासारखा, जो कधीकधी मुलांच्या तोंडावाटेही बाहेर येतो. चाबकासारखा जंत, ज्याची केसाएवढी बारीक मान आतड्याच्या अस्तरात रुतलेली असते. क्वचित रक्त शोषणारा अंकुशकृमी. आणि सगळ्यांत जास्त वेळा, सुतासारखा पांढरा बारीक जंत. मुलं रात्री मागची जागा खाजवत उठतात ती याच्यामुळे. मादी सेंटिमीटरभर, नर तिच्या निम्म्याहून लहान. हा जंत राहतो नेमका मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे अपेंडिक्सच्या दारातच. रात्री मादी खाली उतरते, बाहेरच्या कातडीवर हजारो अंडी घालते, ती नखांत अडकतात, नखं तोंडात जातात, आणि अंडी चादरी, टॉवेल, खेळणी यांतून घरभर पसरतात. अंडी काही तासांतच लागण करण्याइतकी पिकतात. एका मुलाला झाले की भावंडांनाही होतात, आईलाही होतात.

इतक्या जवळ राहणारा प्राणी अपेंडिक्समध्ये सापडला नाही तरच नवल. मेचनिकॉफ यांच्या सिद्धांताची अडचण इथेच सुरू झाली. पुढच्या दशकांत डॉक्टरांनी आजारी अपेंडिक्सबरोबर निरोगी अपेंडिक्सही कापून पाहायला सुरुवात केली, दुसऱ्याच कारणाने काढलेलीही. त्यांतही जंत होते. किंबहुना सूज नसलेल्या अपेंडिक्समध्ये सूतजंत जास्त वेळा दिसू लागले. जर्मनीतले लुडविग अशॉफ यांनी या प्रकाराला वेगळं नाव दिलं. जंत अपेंडिक्समध्ये वळवळतो, रुग्णाला कळ येते, सगळी लक्षणं अपेंडिसायटिसची, पण खरी सूज नाही. जंत नक्कल करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरला फसवून पोट उघडायला लावतो.

दुसरा धक्का आफ्रिकेतून आला. युगांडात अनेक वर्षं काम केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७०च्या सुमारास लक्ष वेधलं की आफ्रिकेच्या खेड्यांत जंत जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात असतात, पण अपेंडिसायटिस क्वचित. तोच आफ्रिकी माणूस शहरात येऊन पाव आणि साखर खाऊ लागला की अपेंडिसायटिस होऊ लागतो. त्यांनी बोट ठेवलं ते चोथा नसलेल्या खाण्यावर. त्यांचंही सगळं म्हणणं पुढे टिकलं नाही, पण जंतांवरच्या आरोपाला त्यांनी मोठी भेग पाडली.

खरं काय घडतं, ते १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ओवेन वँगेनस्टीन यांच्या प्रयोगांनी बरंचसं उलगडलं होतं. अपेंडिक्सचं तोंड बंद झालं की आत पाझरणारा चिकट द्रव बाहेर पडू शकत नाही. दाब वाढत जातो. वाढलेल्या दाबाने भिंतीतला रक्तपुरवठा थांबतो, रक्त न मिळालेली भिंत मरायला लागते आणि आतले जंतू तिच्यात घुसतात. तोंड बंद करणारी गोष्ट बहुतेक वेळा वाळलेल्या विष्ठेचा खडा असते, किंवा लहान मुलांत अपेंडिक्सच्या भिंतीतल्या लसिका गाठी सुजतात. कधी बी असते, कधी गाठ, आणि कधी जंत. गोल मोठा जंत तोंडाशी अडकला, किंवा सूतजंतांचा पुंजका झाला, तर अपेंडिसायटिस होतो. हे रुग्ण जगभर नोंदवलेले आहेत, आपल्याकडेही आहेत. पण प्रमाण छोटं. म्हणजे मेचनिकॉफ पूर्णपणे चुकले नव्हते. त्यांनी एका किरकोळ आरोपीला टोळीचा म्होरक्या ठरवलं, एवढंच.

इथे कोकणातल्या एका गावाचं नाव घ्यायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी आहे. १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी दाखवून दिलं की या गावातल्या लोकांच्या लघवीत रक्त येतं ते एका परजीवी चपट्या कृमीमुळे. आफ्रिकेत, विशेषतः इजिप्तमध्ये नाईलच्या काठी, लाखो लोकांना होणारा हा रोग भारतात रुजलेला नाही अशी समजूत होती. गिमवीच्या पाण्यातल्या एका इवल्याशा गोगलगाईत या कृमीची पिल्लं वाढत आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरत. आफ्रिकेत या कृमीची अंडी अपेंडिक्सच्या भिंतीत अडकून तिथे व्रण आणि सूज निर्माण करतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डॉक्टरांना माहीत होती. गिमवीचा प्रश्न मुख्यतः मूत्राशयाचा होता, अपेंडिक्सचा नव्हे. पण एका कोकणी वहाळात उतरून, गोगलगाई वेचून, त्यांना प्रयोगशाळेत लागण करून कारण शोधण्याची ही चिकाटी मला मेचनिकॉफ यांच्या झेपेइतकीच मोलाची वाटते. कारण ठरवायचं तर साखळीतला प्रत्येक दुवा हातात धरून दाखवावा लागतो, हे गाडगीळ-शाह यांनी करून दाखवलं.

गांधीजींकडे परत जाऊ, कारण त्यांच्या पोटाची गोष्ट १९२४ मध्ये संपली नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्यावर टीका झाली. डॉक्टरांच्या धंद्यावर इतकं कडक लिहिणाऱ्या माणसाने आधुनिक सुरीखाली झोपायला हवं होतं का? गांधीजींनी पळवाट काढली नाही. ती आपली दुर्बलता होती, या देहात जगण्याची इच्छा अजून सुटलेली नाही, असं त्यांनी लिहून टाकलं. मॅडॉकबद्दल त्यांना शेवटपर्यंत कृतज्ञता होती. जुहूच्या समुद्रकाठी नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात ते त्या उन्हाळ्यात बरे झाले.

बरोबर वीस वर्षांनी ते पुन्हा जुहूला आले, पुन्हा पुण्याच्या बंदिवासातून सुटून. आगाखान राजवाड्यात त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले होते, २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा गेल्या होत्या. मलेरियाने ते स्वतः खचले आणि ६ मे १९४४ला सरकारने त्यांना सोडलं. या वेळी शांतिकुमार मोरारजींच्या घरी डॉक्टरांनी नीट तपासण्या केल्या. रक्त फार कमी झालं होतं. आतड्यात अंकुशकृमी सापडला आणि आमांशाचा अमीबाही. अंकुशकृमी तळपायाच्या कातडीतून आत शिरतो, उघड्यावर शौच झालेल्या ओल्या मातीतून. आयुष्यभर संडास साफ करण्याचा आग्रह धरणाऱ्या, खेड्याखेड्यांतून अनवाणी किंवा साध्या चपलांनी हिंडणाऱ्या माणसाच्या पोटात हा कृमी निघावा, यात मला या देशाचं चित्र स्पष्ट दिसतं. तेव्हाच्या हिंदुस्थानात कोट्यवधींच्या पोटात तो होता. मद्रास इलाख्यात रॉकफेलर संस्थेने वर्षानुवर्षं त्याविरुद्ध मोहीम चालवली, पण संडास न बांधता औषध दिलं की लागण पुन्हा होई, हे तिथेच पुन्हा पुन्हा अनुभवाला आलं.

१९२४च्या दुखण्याला १९४४चे जंत जोडण्याचा मोह कुणालाही होईल. मी तो बाजूला ठेवतो. अंकुशकृमी राहतो लहान आतड्यात, अपेंडिक्सपासून दूर. त्याने रक्त आटतं, अपेंडिक्स सहसा सुजत नाही. अमीबा मात्र मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण करतो, आणि तो दाह अपेंडिसायटिससारखाच दिसू शकतो. अशा वेळी ओळखायला चुकून सुरी चालवली तर रुग्णाचे हाल होतात. ज्याच्या पोटात अमीबा असतो, त्याच्या उजव्या बाजूच्या दुखण्याकडे शल्यविशारद म्हणूनच दोनदा बघतो.

आणि आता भांडणाने घेतलेलं सगळ्यांत वेगळं वळण. १९८५ नंतर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी एक उलटा विचार मांडला. त्यांनी ब्रिटनमधल्या मुलांच्या घरांचा आणि अपेंडिसायटिसचा हिशेब जुळवून पाहिला. घरात नळाचं गरम पाणी आणि न्हाणीघर आलं, त्या पिढीत अपेंडिसायटिस वाढला. त्यांचा अंदाज असा की घरं स्वच्छ झाल्याने लहानपणीच्या लागणी कमी झाल्या, आणि मग शाळेच्या वयात पहिल्यांदा एखादा विषाणू भेटला की अपेंडिक्समधल्या गाठी जास्तच सुजू लागल्या. पुढची पिढी सगळीकडेच स्वच्छ वाढली तेव्हा आजार पुन्हा ओसरू लागला. हा अंदाजच आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे. पण मेचनिकॉफ म्हणत होते जंतांमुळे अपेंडिक्स सुजतं, आणि ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी प्रश्न असा उभा राहिला की अस्वच्छता हटण्याच्या नेमक्या मधल्या पिढीत तर ते जास्त सुजत नाही ना?

करंजाडे ही ती मधली पिढी आहे. पनवेलला लागून, उरणच्या वाटेवर, सिडकोने आखलेली ही वसाहत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावं उठली, आणि प्रकल्पग्रस्तांना वडघर-करंजाड्याच्या बाजूला भूखंड मिळाले. इथल्या आजोबांचं बालपण भातखाचरात, खाडीच्या चिखलात, अनवाणी गेलं. नातू सातव्या मजल्यावर वाढतो, पाण्याची ओरड असली तरी फिल्टरचं पाणी पितो आणि दुपारी बिस्किटाचा पुडा संपवतो. एकाच घरात एकाच्या पोटाने जंतांचं आयुष्य पाहिलं, दुसऱ्याच्या पोटाला ते जवळजवळ ठाऊकच नाही. शाळेत आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. २०१५ मध्ये तो सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात, ४०० मिलिग्रॅमची, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. मला ही मोहीम फार मोलाची वाटते. जंत झालेल्या मुलांचं आटलेलं रक्त भरून यायला तिची मदत होते. तिने अपेंडिसायटिस कमी होईल, असं कुणी सांगत असेल तर ते मात्र या औषधावर नसलेलं ओझं लादणं आहे.

पण आजीचा संशय टाकाऊ नाही. तो फक्त वेळेवर तपासून घ्यायला हवा. जंतांची कळ येते आणि जाते, मूल मधे खेळायला लागतं, भूक असते. अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांनी खाली उजवीकडे सरकतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. मुलाला जेवण नकोसं होतं, उलटी होते, ताप चढतो, उडी मारायला सांगितली तर मूल उजवा पाय आखडून उभं राहतं. लहान मुलांत आणि म्हाताऱ्यांत हा क्रम हमखास असतोच असं नाही. म्हणून पोटात दुखत असताना एरंडेल कपाटातच ठेवायचं, आणि दुखणं चार-सहा तासांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करायची.

शस्त्रक्रिया झाली की अपेंडिक्स फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत जातं. कधी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बुंधा कापताक्षणी पांढरा सूतजंत वळवळत बाहेर येतो, आणि थिएटरमधल्या सगळ्यांना वाटतं, सापडला गुन्हेगार. पॅथॉलॉजिस्ट मात्र घाई करत नाही. तो अपेंडिक्सचे आडवे तुकडे करून, मेणात बसवून, कागदाहून पातळ काप काढतो. काचेवर सूतजंत आडवा कापलेला दिसला तर त्याच्या दोन्ही कडांना दोन अणकुचीदार कंगोरे असतात, त्यावरून तो चुकत नाही. पण जंत ओळखून काम संपत नाही. मग नजर जाते अपेंडिक्सच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थराकडे. तिथे पू करणाऱ्या पांढऱ्या पेशी घुसलेल्या आहेत का? असतील तर अपेंडिसायटिस खरा. नसतील तर जंत पोकळीत सुखाने राहत होता, आणि कळ त्याच्या वळवळण्याची होती. मेचनिकॉफ आणि अशॉफ यांच्यातलं भांडण आजही प्रत्येक कापावर असं वेगवेगळं मिटवावं लागतं.

अहवालात जंताचं नाव आलं, तर त्या मुलाचा इलाज टाके काढण्यापाशी थांबत नाही. अपेंडिक्स गेलं तरी जंत आतड्यात असतात आणि घरातही असतात. घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारून एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, कारण पहिल्या गोळीने अंडी मरत नाहीत. चादरी आणि आतले कपडे गरम पाण्यात, नखं कापलेली, सकाळी उठल्यावर अंघोळ. आणि तो अहवाल फाइलमध्ये ठेवायचा. पुढे कधी भावंडाच्या पोटात दुखलं, तर डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तो मागवावा इतका तो कामाचा कागद असतो.